वर्ग घुमतो म्हणजे नेमकं काय होतं

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, कोपरखैरण्याला शाळेत जातो. गेल्या वर्षी ताईला शाळेतून सारखे फोन यायचे, की तो तिसऱ्या तासानंतर कानावर हात ठेवून बसतो, बाकाखाली जातो, कधी रडतो, कधी शेजारच्याला ढकलतो, घरी काही झालंय का. घरी काहीच झालेलं नव्हतं. घरी मिक्सर लागला की तो दुसऱ्या खोलीत जातो आणि बंद झाला की परत येतो, एवढंच. कानाची तपासणी केली तर ऑडिओग्राम एकदम नॉर्मल. मग एका शनिवारी मी ताईबरोबर शाळेत गेलो, शाळा सुटली होती, वर्ग रिकामा होता, आणि मी इंटिरियरची कामं घेतो त्यामुळे सवयीनेच आत शिरल्याशिरल्या एक टाळी वाजवली. ती टाळी संपेचना. भिंतीवरून, छतावरून, फरशीवरून परत परत येत राहिली, आणि ताई म्हणाली, "अरे, हे तर जिन्यात वाजवल्यासारखं वाटतंय."

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे. आपल्याकडे शाळेत आवाज म्हटलं की मुलांना गप्प बसवणे हा एकच उपाय लोकांना माहीत असतो, पण वर्गातला निम्मा त्रास मुलांच्या तोंडातून येत नाही, तो भिंती आणि छत परत देत असतात. ते कमी करता येतं आणि त्यासाठी फार मोठं काही लागत नाही, म्हणून जमेल तेवढ्या सोप्या भाषेत लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करूया, कारण माझ्या धंद्यात रोज हाच गोंधळ बघतो. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे एक काम, आणि आतला आवाज आत घुमू न देणे हे दुसरं काम, दोन्हीला लोक साउंडप्रूफिंगच म्हणतात पण दोन्हीचं मटेरियल वेगळं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, जाड काच, फट नसलेला दरवाजा. आतला आवाज शोषायला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते, म्हणजे गादी, पडदा, ग्लासवूल (काचेच्या बारीक धाग्यांची लोकर), गोधडी. गोधडी खिडकीला लावून रिक्षाचा हॉर्न थांबत नाही आणि जाड काच लावून वर्गातलं घुमणं कमी होत नाही.

आता घुमणं. तोंडातून निघालेला आवाज सरळ कानापर्यंत तर जातोच, पण तो चारही बाजूंना जाऊन भिंतीवर आपटून पुन्हा कानाकडे येतो, थोड्या उशिराने. साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत परत आलेला आवाज आपला मेंदू मूळ आवाजातच मिसळून घेतो, त्यामुळे बोलणं उलट थोडं भरीव वाटतं. त्याच्यानंतर आलेला आवाज मात्र पुढच्या शब्दावर सांडतो. आपण बोलताना सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं उच्चारतो, त्यामुळे वर्गात आवाज एक सेकंद रेंगाळत असेल तर बाई पाचवं अक्षर बोलत असताना पहिलं अजून हवेत असतं. त्यातही स्वर जोरकस असतात आणि व्यंजनं नाजूक, म्हणजे ‘आ’, ‘ओ’ मोठ्याने रेंगाळतात आणि त्यांच्या खाली ‘ट’, ‘ठ’, ‘स’, ‘प’ गाडले जातात. "पाट काढा" आणि "पाठ काढा" यातला फरक त्या एका बारीक व्यंजनावर आहे, आणि मागच्या बाकावर नेमकं तेच पोचत नाही.

आवाज ६० डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं एकक) खाली यायला जो वेळ लागतो त्याला रिव्हर्बरेशन टाइम म्हणतात, आपण घुमण्याचा वेळ म्हणू. हे गणित ज्याने मांडलं त्याची गोष्ट मला फार आवडते. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचं नवीन लेक्चर हॉल बांधलं आणि त्यात प्राध्यापक काय बोलतात हेच कळेना, आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण फिजिक्सच्या शिक्षकाला सांगितलं की तू बघ. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या मागवल्या, रात्री सगळं शांत झालं की त्या हॉलमध्ये नेऊन मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज किती वेळात विरतो ते घड्याळ लावून मोजायचं, मग अजून गाद्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. यातून निघालं की खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, आणि खोलीत मऊ वस्तू जितक्या जास्त तितकं घुमणं कमी. सूत्र एवढंच, खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले शोषणारं एकूण क्षेत्रफळ, सगळं मीटरमध्ये, उत्तर सेकंदात. शोषणारं क्षेत्रफळ म्हणजे प्रत्येक वस्तूचं क्षेत्रफळ गुणिले ती जितके टक्के आवाज शोषते ते, आणि त्या सगळ्याची बेरीज.

हे आपल्या वर्गाला लावून बघू. २५ फूट बाय २० फूट, उंची साडेदहा फूट, म्हणजे साधारण १४९ घनमीटर. प्लास्टरची भिंत, आरसीसीचं छत, फरशी, काच, यातलं काहीही आवाज जेमतेम एक-तीन टक्के शोषतं, बाकी सगळा परत फेकतं. बाकं वगैरे धरून समजा शोषण ८ चौरस मीटर. १४९ ला ०.१६१ ने गुणलं की २४, त्याला ८ ने भागलं की ३ सेकंद. रिकाम्या वर्गात तीन सेकंद! मुलं बसली की मुलंच आवाज शोषतात, ४० मुलं धरली तर साधारण १४ चौरस मीटर वाढतात आणि घुमणं १.१ सेकंदावर येतं. आता छताला ४०० चौरस फूट चांगलं शोषणारं पॅनेल लावा, ते ८० टक्के शोषतं असं धरू, तर रिकामा वर्गच ३ सेकंदांवरून साधारण ०.६४ वर येतो. मागच्या भिंतीला अजून १५० चौरस फूट लावलं की अर्ध्या सेकंदावर. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं, मला खरंच वाटेना.

हे आकडे कशाशी ताडायचे? अमेरिकेच्या शाळांसाठीच्या ध्वनी-मानकात साध्या वर्गाला ०.६ सेकंद ही मर्यादा आहे आणि वर्गात कोणी बोलत नसताना उरणारा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच दोन आकडे आहेत. इंग्लंडचं शाळांचं मानक अजून पुढे जातं, ऐकण्याची किंवा संवादाची खास गरज असलेल्या मुलांसाठीच्या वर्गात घुमणं ०.४ सेकंदापेक्षा जास्त नको असं ते सांगतं. आणि हे सगळं रिकाम्या वर्गात मोजायचं, मुलं बसलेली असताना नाही, त्यामुळे "मुलं आली की बरोबर होतं" हे उत्तर चालत नाही.

आता मुख्य प्रश्न, की चाळीसेक मुलं त्याच वर्गात बसून शिकतात मग याच मुलाला एवढा त्रास का. इथे लोक पटकन म्हणतात की त्याचे कान जास्त तीक्ष्ण आहेत, पण ते अर्धवट आहे. आपला मेंदू ऐकलेल्या आवाजातलं बरंच बाजूला टाकतो, आपल्याला कळतही नाही. पंख्याची घरघर दोन मिनिटांनी आपल्याला ऐकू येणं बंद होतं, आवाज असतोच, पण मेंदूने त्याला नकोचा शिक्का मारलेला असतो. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत हा शिक्का नीट बसत नाही. पंखा, ट्यूबलाइटच्या जुन्या चोकची घूं घूं, शेजारच्या वर्गातला पाढा, बाक सरकल्याचा चर्र आवाज, बाहेरची रिक्षा आणि बाईंचं बोलणं, सगळं एकाच उंचीवर, सगळं सारखंच महत्त्वाचं. त्यातून बाईंचं वाक्य वेचून काढायला तो दिवसभर मेहनत करत असतो, आणि तिसऱ्या तासापर्यंत दमतो. भाच्याचं बाकाखाली जाणं हे मला तेव्हा कळलं, तो वर्गातल्या सगळ्यात शांत जागी जात होता. बाकाखाली खरंच थोडं शांत असतं, बसून बघा.

सगळी मुलं सारखी नसतात हेही सांगायला हवं. काहींना आवाज कमीच जाणवतो, ती मुद्दाम बाक वाजवतात, गुणगुणत राहतात. काहींना फक्त अचानक येणारा आवाज सहन होत नाही, स्वतः केलेला मोठा आवाज चालतो, कारण तो कधी येणार हे त्यांना माहीत असतं. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद ही गोष्ट अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात २०१३ पासून ऑटिझमच्या लक्षणांमध्येच धरली आहे, म्हणजे हे लाड किंवा हट्ट नाहीत. कैरोच्या आर्किटेक्ट मॅग्डा मोस्तफा यांनी शिक्षकांना आणि पालकांना विचारलं होतं की इमारतीतली कुठली गोष्ट या मुलांवर सगळ्यात जास्त परिणाम करते, तर उत्तर आलं आवाज. रंग नाही, उजेड नाही. त्यांनी ऑटिझमसाठी जी डिझाइनची चौकट बनवली तिच्यात पहिलाच मुद्दा ध्वनीचा आहे आणि त्याच्या जोडीला पळून येऊन शांत व्हायची जागा.

दमलेलं मूल रडतं तेव्हा त्याला गप्प करायला वर्ग अजून मोठ्याने बोलतो, आणि इथून एक चक्र सुरू होतं. आजूबाजूला आवाज असला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, एका फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या वेळी हेच होतं ना, एक टेबल मोठ्याने बोलतं म्हणून दुसरं, मग सगळा हॉल ओरडतो. घुमणाऱ्या वर्गात गटात काम दिलं की पाच मिनिटांत तेच. भाच्याच्या बाई मला म्हणाल्या, "अहो, मी दिवसभर ओरडूनच शिकवते, रविवारी माझा घसा बसलेला असतो." त्यांना मी म्हटलं बाई, यात तुमचा पण फायदा आहे. मुलांना बोलणं नीट कळायला शिक्षकाचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबल तरी वर हवा. बाईंचा आवाज एक मीटरवर ६५ डेसिबल धरला तर सहा मीटरवर सरळ पोचणारा भाग जेमतेम ५० उरतो, आणि पंखा आणि रस्ता मिळून वर्गात ५० असतील तर मागच्या बाकावर फरक शून्य.

म्हणून माइक-स्पीकर लावायचा विचार लगेच डोक्यात येतो. घुमणाऱ्या वर्गात स्पीकर लावला की घुमणंही मोठं होतं, त्यामुळे आधी खोली, मग माइक. शिक्षकाच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर ही पद्धत वेगळी, तिच्यात आवाज खोलीतून न जाता थेट कानात जातो, आणि काही ऑटिस्टिक मुलांना त्याने बोलणं जास्त चांगलं कळतं असं अभ्यासात दिसलंय, पण कानात काही घालून घेणं त्या मुलाला चाललं पाहिजे.

आता काय करायचं. पैसे न लागणारं आधी. वर्ग बदलता येतो का बघा, रस्त्याच्या बाजूचा वर्ग सोडून मागच्या बाजूचा, जिन्यापासून, संगीताच्या वर्गापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांबचा. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूच्या आणि इकडे ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूच्या खिडक्या म्हणजे दिवसभर ट्रक आणि हॉर्न. कायद्याने शाळेपासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं आणि तिथे दिवसा मर्यादा ५० डेसिबल आहे, २००० सालच्या नियमांत. उघडी खिडकी साधारण १०-१५ डेसिबल अडवते, म्हणजे बाहेर खरंच ५० असतील तर आत ३५-४०, जवळजवळ हवं तेवढं. म्हणजे नियम पाळला गेला तर खिडकी उघडी ठेवूनही शिकता येईल, आणि आपल्या दमट हवेत खिडकी बंद ठेवा हे सांगणं सोपं नाही, त्यामुळे शाळेने वाहतूक पोलिसांकडे आणि महापालिकेकडे बोर्ड आणि हॉर्नबंदीसाठी पाठपुरावा केला तर तो ऑटिस्टिक मुलांसाठीचाच उपाय आहे.

मुलाला कुठे बसवायचं तेही फुकट आहे. बाईंच्या जवळ, दरवाज्यापासून लांब, पंख्याच्या बरोबर खाली नाही. पंखा खडखडत असेल तर वायरमनला बोलवून बॅलन्स करून घ्या. जुने चोक काढून एलईडी लावा. बाकांच्या आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट लावा, चाळीस खुर्च्या एकदम सरकतात तो आवाज मोठ्या माणसाच्याही दातात जातो. शाळेची घंटा जिच्यात हातोडी लोखंडावर आपटते ती त्या मुलाच्या वर्गाबाहेरच असेल तर हलवा, किंवा हळू वाढणारी धून लावा. फायर ड्रिल असेल, गणपतीची ढोल-ताशाची प्रॅक्टिस असेल, तर त्याला आदल्या दिवशी सांगा आणि सकाळी परत सांगा, कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे घड्याळात दाखवून. अचानकपणा काढून टाकला की निम्मा त्रास जातो, हे मी भाच्याबरोबर दहीहंडीच्या दिवशी पाहिलंय.

मग थोडे पैसे लागणारं. दरवाज्याची खालची फट. कितीही चांगला दरवाजा असला आणि त्याच्या एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली तरी तो २० डेसिबलपेक्षा जास्त अडवूच शकत नाही, आणि आपल्याकडे फट एक टक्क्यापेक्षा जास्तच असते. खाली रबराची पट्टी, बाजूला फोमची टेप, एका दुपारचं काम. कॉरिडॉरमधला सुट्टीतला गोंधळ लगेच खाली येतो.

आणि मग छत. इथे माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक सांगतो. पीओपी किंवा साध्या जिप्समचं फॉल्स सीलिंग करून घुमणं कमी होत नाही, ते पण कडकच आहे, आवाज परत फेकतं. भोकं असलेलं आणि मागे लोकर भरलेलं सीलिंग वेगळं, मिनरल फायबरच्या टाइल्स वेगळ्या, त्या शोषतात. थर्माकोल अजिबात नाही, त्याची छिद्रं बंद असतात, आवाज आत शिरतच नाही. अंड्यांचे ट्रे पण नाही, लोक अजून लावतात, त्याने बोलण्याच्या आवाजाला फारसा फरक पडत नाही आणि आग लागली तर काय होईल विचार करा. साधा फोमही आगीला पटकन धरतो आणि धूर विषारी, शाळेत नकोच. ग्लासवूल किंवा रॉकवूल जाड विणीच्या कापडात नीट शिवून फ्रेममध्ये घातलेलं चालतं, उघडं नाही, हाताला खाज येते. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी वूडवूल बोर्ड मला बरे वाटतात, सिमेंटमध्ये धरलेली लाकडाची लोकर असते, लवकर पेटत नाही, दमट हवेत टिकतो, मुलांनी हात लावला तरी काही होत नाही. पंखे असतात त्यामुळे पूर्ण सीलिंग खाली उतरवणं जमत नाही, तर पंख्यांच्या मधल्या जागेत पॅनेल थेट स्लॅबला लावायचे. बाई उभ्या राहतात तिथलं पुढचं छत थोडं कडक ठेवलं तरी चालतं, तिथून लवकर परत येणारा आवाज मदतच करतो. मागची भिंत मात्र आधी घ्या, ती समोरून आलेला आवाज उशिराने परत पाठवते.

अगदी बजेट नसेल तर? जाड, चुण्या पाडलेले सुती पडदे. मागच्या भिंतीवर सतरंज्या किंवा गोधड्या, पण भिंतीला चिकटवून नको, तीन-चार इंच अंतर सोडून, कारण भिंतीला लागून हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते आणि कापड आवाज शोषतं ते त्या हालचालीतूनच. मात्र धुवायला हव्यात आणि जून-जुलैमध्ये बुरशी बघायला हवी. ओल असलेल्या भिंतीला काहीच लावू नका, आधी वॉटरप्रूफिंग. काम करण्याआधी आणि झाल्यावर त्याच जागी उभं राहून एक टाळी वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, म्हणजे शाळेच्या समितीला कानाने ऐकवता येतं. फुगा फोडून बघू नका, निदान मुलं असताना नाही.

हेडफोनबद्दल ताईने विचारलं होतं. कानावरचे मफ चांगले आहेत, असेंब्लीला, गॅदरिंगला, रेल्वे स्टेशनवर. पण दिवसभर वर्गात घातले तर बाईंचं बोलणंही जातं आणि कान शांततेला इतका सरावतो की काढल्यावर सगळं अजून मोठं वाटू शकतं. वापरायचे की नाही ते त्याला ठरवू द्या, बॅगेत ठेवा, मागायला लावू नका. शाळेत एक शांत कोपरा असावा, ग्रंथालयातला असला तरी चालेल, जिथे तो स्वतःहून जाईल आणि स्वतःहून परत येईल. शिक्षा म्हणून तिथे पाठवलं की तो कोपरा संपला.

शाळेला हे सगळं मागायचं तर कुठल्या हक्काने, असं बरेच पालक विचारतात, आवाज हळू करून विचारतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि त्या कायद्याने अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांवर मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी टाकली आहे. रॅम्प ही सोय आहे तसंच दरवाज्याची पट्टी आणि छताचं पॅनेल ही पण सोय आहे. लेखी द्या, वर्गाचं माप द्या, टाळीचं रेकॉर्डिंग द्या, खर्चाचा अंदाज द्या. माप दिलं की मुख्याध्यापकांशी बोलणं "तुमचा मुलगा असा का करतो" वरून "छताला काय लावायचं" वर येतं, हे मी स्वतः बघितलं.

भाच्याच्या वर्गात मे महिन्याच्या सुट्टीत मागची भिंत झाली, दरवाज्याच्या पट्ट्या झाल्या, खुर्च्यांना बूट बसले. वर्ग पण बदलून मिळाला, मागच्या बाजूचा. छत अजून बाकी आहे, वरच्या मजल्यावरच्या संडासाचं पाणी स्लॅबमधून झिरपतं, ते बंद झाल्याशिवाय पॅनेल लावायचे नाहीत असं मीच सांगितलंय. तो अजून बाकाखाली जातो, पण आता जेवणाच्या सुट्टीनंतर.